कसब आणि कसबा

मराठी भाषेत दोन शब्द एकमेकांच्या अगदी शेजारी नांदतात. एक ‘कसब’ आणि दुसरा ‘कसबा’. हातातील जे कौशल्य माणसाला चार घास मिळवून देते ते कसब. आणि खेड्याहून मोठे परंतु महानगराहून लहान असे बाजारपेठेचे ठिकाण तो कसबा. ऐकणाऱ्याला वाटावे, ही एकाच घरातील भावंडे असतील. परंतु त्यांची कुळे शोधू गेल्यास दोघांची अरबी मुळे निरनिराळी निघतात. दोघेही परमुलखातून आले, आमच्या भाषेत स्थायिक झाले, आणि आज त्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

शब्दांची ही गोष्ट माणसांच्या बाबतीतही खरी ठरते काय? कसबी माणूस आपले गाव सोडून दूरच्या कसब्यात का जातो? गेला तर तेथे टिकतो का? आणि टिकला तर अखेर तो कोणत्या गावाचा म्हणायचा? हे प्रश्न आज आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर, अगदी गंभीरपणे चर्चिले जातात. कोणाचा भाऊ पुण्यास गेला आहे, कोणाची बहीण परदेशाच्या वाटेवर आहे. म्हणून यंदाच्या अंकात या विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विचार करण्यास बुऱ्हाणपूरइतके सोयीचे गाव दुसरे क्वचितच सापडेल. तापीच्या काठी वसलेल्या या नगराचे नावच मुळी बाहेरून आलेले. इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी घराण्यातील नासिरखानाने हे शहर वसविले आणि त्यास सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. या संतांची समाधी येथे नाही. ती महाराष्ट्रात, वेरूळनजीकच्या खुलताबादेस आहे. ज्या नगराचे नामकरणच एका दूरस्थ पाहुण्याच्या नावाने झाले, त्याने पुढे पाहुण्यांची परंपरा चालविली यात नवल ते काय!

सोळाव्या शतकात सिंध प्रांतात अशांतता माजली असता तेथील काही विद्वान व सूफी घराणी गुजरात आणि वऱ्हाडच्या वाटेने खानदेशात येऊन पोहोचली. फारुकी सुलतानांनी त्यांना आश्रय दिला. त्यांतीलच एका घराण्यात शेख ईसा जुंदुल्ला हे थोर सत्पुरुष झाले. ही मंडळी ज्या भागात राहिली तो भाग आजही सिंधीपुरा या नावाने ओळखला जातो. पुढे सुमारे चारशे वर्षांनी, १९४७ च्या फाळणीनंतर, त्याच सिंधमधून निराळ्या धर्माची, निराळ्या दुःखाने पोळलेली कुटुंबे याच गावी आली, आणि त्यांची सिंधी बस्ती वसली. एकाच गावात एकाच प्रांताच्या नावाच्या या दोन वस्त्या, आणि त्यांच्यामध्ये चार शतकांचे अंतर! इतिहासाच्या तासाला सनावळी पाठ करताना कंटाळणाऱ्या मुलांनी एकदा सायकलीवरून या दोन वस्त्यांमधला रस्ता तुडवावा. सनावळीत काय साठवलेले असते ते पुस्तकापेक्षा लवकर उमगेल.

विणकरांची कथाही अशीच आहे. सतराव्या शतकात येथे आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याने येथील तलम, पारदर्शक कापडाचे वर्णन करून ठेवले आहे. ते कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय पण पोलंड आणि मस्कोव्हीपर्यंत जात असे, असे तो सांगतो. पुढे १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले आणि मालेगाव, भिवंडी व बुऱ्हाणपूर येथे स्थिरावले. त्यांच्यापाशी जमीन नव्हती, वतन नव्हते, शिफारसपत्रही नव्हते. होते ते केवळ धोटा फेकण्याचे कसब. आज रात्री उशिरा गावातून चालताना यंत्रमागांची जी अखंड खडखड कानी पडते, ती त्या जुन्या प्रवासाचीच पुढची पावले आहेत.

परंतु कसबी पाहुण्याचे सर्वांत बोलके स्मारक जमिनीच्या वर नसून जमिनीच्या पोटात आहे. खुनी भांडारा किंवा कुंडी भांडारा या नावाने ते सर्वांस परिचित आहे. मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ साली, इराणी भूगर्भवेत्ता तबकातुल अर्ज याने ही योजना आखली, अशी परंपरा सांगते. ‘तबकातुल अर्ज’ या शब्दांचा अर्थच ‘भूमीचे थर’ असा होतो. तेव्हा हे आईबापांनी ठेविलेले नाव की त्याच्या विद्येमुळे लोकांनी दिलेली पदवी, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याने केले ते असे. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून हळूहळू तापीकडे झिरपत जाते. ते वाटेतच अडवावयाचे, भूमिगत भुयारात घ्यावयाचे, आणि भुयाराला इतका बेताचा उतार द्यावयाचा की, मोट नको, रहाट नको, बैल नको; पाणी आपल्याच वजनाने वाहत शहराकडे यावे. भुयाराच्या वाटेवर ठराविक अंतरावर विहिरींसारख्या कुंड्या खोदल्या आहेत. त्या शंभरावर भरतात. त्यांतून हवा आत जाते, उजेड जातो, आणि गाळ काढण्यास माणूसही उतरू शकतो. इराणात यास कनात किंवा कारेझ म्हणतात. म्हणजे विद्या इराणची, डोंगर सातपुड्याचा, पाणी आमच्या आकाशातले, आणि घाम येथल्या मजुरांचा. या चारांपैकी एकही नसता तर भांडारा झाला नसता. पाहुण्याचे कसब आणि यजमानाचे श्रम यांचा असा संगम झाला म्हणजेच काहीतरी टिकाऊ निर्माण होते. त्याच सुमारास औरंगाबादेसही (आजचे छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबराने भूमिगत नहरी खेळविल्या. आणि मलिक अंबर तर जन्माने हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला! दख्खनच्या कोरड्या घशाला पाणी पाजण्यात परक्यांचा वाटा किती मोठा आहे, हे यावरून ध्यानी यावे.

त्याच १६१५ साली, नोव्हेंबर महिन्यात, आणखी एक परका बुऱ्हाणपुरास आला होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो. जहांगीराच्या भेटीस जाण्यापूर्वी तो येथे शाहजादा परवेझ याच्या दरबारी उभा राहिला आणि आपल्या देशबांधवांना या शहरी वखार घालण्याची परवानगी त्याने मागितली. ती त्यास मिळाली. एकाच वर्षी एक परका येथे पाणी आणीत होता आणि दुसरा व्यापाराचा परवाना मागत होता. दोघांचेही पुढे काय झाले ते इतिहास जाणतो. पाहुण्याची पारख कशी करावी, याचा धडा याहून चांगला कोणता? तो येताना काय घेऊन येतो हे पाहावेच. पण जाताना काय ठेवून जातो हे त्याहून अधिक पाहावे.

स्वातंत्र्यानंतर आमच्या जिल्ह्याने असा आणखी एक प्रयोग पाहिला. येथून थोड्याच अंतरावर, सागवान आणि सालईच्या रानात, वृत्तपत्री कागदाचा देशातील पहिला कारखाना उभा राहिला. १९४७ साली त्याची कंपनी स्थापन झाली आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्रास अर्पण केला. सालईचे लाकूड आणि बांबू येथलेच. परंतु यंत्रे चालविणारे हात भारताच्या कानाकोपऱ्यांतून आले. रानात नेपानगर नावाचे गाव वसले, तेथे शाळा निघाल्या, आणि निरनिराळ्या मायबोलींची मुले एका बाकावर बसू लागली. मध्यंतरी काही वर्षे तो कारखाना बंद पडला व नूतनीकरणानंतर २०२२ साली पुन्हा सुरू झाला. कारखाना थांबला म्हणजे त्याच्याभोवतीचे गाव कसे म्लान होते, हे त्या बंद वर्षांत पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले. कसबी माणूस गावाला कामासाठी येतो; काम आटले की त्याचे पाय आपोआप स्टेशनाकडे वळतात. यात कृतघ्नता नाही. हा पोटाचा न्याय आहे.

आमचेच उदाहरण द्यावयाचे तर, आम्हीही या गावी असेच आलो. आमची घरची भाषा कोकणी. नारळ, मासे आणि चार महिने कोसळणारा पाऊस यांत वाढलेल्या माणसाला तापीकाठचा उन्हाळा पहिल्या वर्षी असह्य वाटला. आमचे सानुनासिक उच्चार ऐकून वर्गात मागच्या बाकांवर हास्याच्या लकेरी उठत; आणि मुलांच्या बोलण्यातील खानदेशी, निमाडी व हिंदीची मिसळ समजून घेताना आमचीही तारांबळ उडे. परंतु शेजारच्या घरून आमच्याकडे पहिल्याच सणाला मावा जिलबी आली, आणि त्या दिवसापासून आमचे सामान खऱ्या अर्थाने उलगडले असे आम्ही मानतो. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे जे लिहीत आहोत ते केवळ पुस्तकी नाही.

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी परिचारिका झाली. तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. काही काळापूर्वी ती ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचे कागद घेऊन, आई व आजीसह आमच्याकडे आली. कागद इंग्रजीत; आणि लहान गावी कोणताही इंग्रजी कागद अखेर मास्तरांच्या टेबलावर येतो. आम्ही ते सावकाश वाचले आणि मराठीत समजावून सांगितले. वाचकांनाही ती योजना जाणून घेणे उपयोगाचे होईल.

ऑस्ट्रेलिया खंडप्राय देश असला तरी त्याची बरीच लोकवस्ती थोड्या मोठ्या शहरांत एकवटली आहे. दूरच्या गावांना परिचारिका, शिक्षक, अभियंते, सुतार, स्वयंपाकी हवे असतात आणि मिळत नाहीत. म्हणून नोव्हेंबर २०१९ पासून त्या सरकारने ४९१ क्रमांकाचा व्हिसा सुरू केला. अर्जदाराचे वय ४५ च्या आत असावे लागते. त्याच्या धंद्यातील कौशल्याची अधिकृत संस्थेकडून पारख होते. वय, इंग्रजी, शिक्षण आणि अनुभव यांना गुण दिले जातात आणि किमान ६५ गुण मिळवावे लागतात. एखाद्या राज्याने शिफारस केली, अथवा तशा भागात राहणाऱ्या पात्र नातलगाने हमी घेतली, तर १५ गुण अधिक मिळतात. व्हिसा पाच वर्षांचा असतो. परंतु अट अशी की, राहणे, काम करणे, शिकणे हे सारे नेमून दिलेल्या प्रादेशिक भागातच झाले पाहिजे. सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन ही तीन महानगरे त्यातून वगळली आहेत. अशा रीतीने तीन वर्षे काढून, तेवढ्या वर्षांचे करविषयक कागद दाखविल्यावर, कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

यात एक गंमतही आहे. पर्थसारखे वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहरही या हिशेबात ‘प्रादेशिक’ ठरते. २०११ च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर शहराची वस्ती दोन लाखांच्या थोडी वर भरली होती. तेव्हा आपणास लहान कोण म्हणतो आणि कशाच्या मानाने म्हणतो, हेही पाहिले पाहिजे!

आपल्या विद्यार्थ्यांना या देशाची आणखी एक जुनी गोष्ट माहीत असावी, कारण तिचा शाळेशी निकट संबंध आहे. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने बाहेरच्यांना रोखण्यासाठी एक कायदा केला. त्यात गोऱ्या कातडीचा उल्लेख कोठेही नव्हता. होती ती केवळ श्रुतलेखनाची परीक्षा! बंदरावर उतरणाऱ्यास अधिकारी ५० शब्दांचा उतारा सांगे आणि तो त्याने लिहून दाखवावयाचा. भाषा कोणती ते अधिकाऱ्याने ठरवावयाचे. ज्याला आत येऊ द्यावयाचे नाही, त्याला न येणारी भाषा निवडली की काम झाले. १९३४ साली एगॉन किश नावाच्या बहुभाषी लेखकाला अडविण्यासाठी अधिकाऱ्यांनी चक्क स्कॉटिश गेलिक भाषेत उतारा सांगितला. पुढे तेथील उच्च न्यायालयाने ही परीक्षा कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. १९५८ साली ही परीक्षा रद्द झाली आणि १९७३ पर्यंत ते वर्णभेदी धोरणही संपुष्टात आले. श्रुतलेखनाला आमची मुले भितात हे आम्ही जाणतो. परंतु ज्या परीक्षेत उत्तीर्ण होणे शक्यच नसते तिच्यापुढे आमची शनिवारची चाचणी म्हणजे मायाळू मावशीच समजावी. ज्या दाराशी आजोबांच्या पिढीला अशा युक्तीने परतविले गेले असते, त्याच दारातून आज नात आपल्या कसबाच्या गुणांवर आत जाते. जगात काहीच सुधारत नाही असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

सारे ऐकून झाल्यावर त्या मुलीच्या आजीने एकच प्रश्न विचारला. “सर, हेबी लहान गाव, तेबी लहान गाव. मग एवढ्या लांब जायाचं कशापायी?”

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि ते टाळणे शिक्षकाला शोभत नाही. प्रामाणिक उत्तर असे की, तेथले लहान गाव परिचारिकेला तिच्या श्रमांचे जे मोल देते, ते येथले देत नाही. तेथे गावाला तिची गरज आहे असे सरकार लेखी कबूल करते. येथे गरज त्याहून मोठी असते, पण ती कोणी लिहून देत नाही. आपल्याकडेही खेड्यांना डॉक्टर मिळत नाहीत. म्हणून मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून डॉक्टर होणाऱ्यांकडून ग्रामीण सेवेचा करार लिहून घेतला जातो. पुष्कळजण दंड भरून त्यातून सुटका करून घेण्याची वाट शोधतात. मोठ्या शहराकडे धावणे हा काही एका देशाचा दोष नव्हे. तेथेही अटींच्या दोरीने माणसाला तीन वर्षे बांधावे लागते, यावरून तेच सिद्ध होते.

आणि येथेच आम्हाला मोमीन विणकरांची आठवण होते. त्यांना तीन वर्षे बुऱ्हाणपुरात राहण्याची सक्ती कोणी केली होती? सिंधीपुऱ्यातील घराण्यांकडून कोणी करार लिहून घेतला होता? तरीही त्यांच्या कित्येक पिढ्या येथे नांदल्या. कायदा माणसाला एखाद्या गावी काही वर्षे थांबवू शकतो. त्यापुढे त्याला थांबविणे हे त्या गावाचे काम आहे. हाताला काम, प्रार्थनेला जागा, लेकरांना शाळा आणि अडीअडचणीला शेजार, या चार गोष्टी ज्या गावाने दिल्या ते गाव परक्याला आपलेसे करते. यांतील पहिल्या तीन सरकार देऊ शकेल. चौथी मात्र कोणत्याही व्हिसावर छापून मिळत नाही.

ती मुलगी गेली. आता ती तेथील एका लहान गावच्या इस्पितळात वृद्धांची सेवा करते. तिच्या आवाजात कधी उत्साह असतो, कधी एकटेपणा. संध्याकाळ झाली की रस्ते निर्मनुष्य होतात, याची तिला अजून सवय झालेली नाही. ज्या वृद्धांना ती आधार देऊन चालविते त्यांची नावे, त्यांच्या नातवंडांची नावे, तिला पाठ आहेत. आणि इकडे तिची स्वतःची आजी जिना उतरताना शेजारच्या मुलाचा हात धरते. या दोन चित्रांतील कोणते चूक म्हणावे? आम्हाला तरी दोन्ही खरी वाटतात. ज्या सुनेने, ज्या मुलाने घर सोडले त्याला दोष देणे सोपे. त्याच्या पाठीमागे राहिलेल्या घराची जबाबदारी उचलणे अवघड. शेजारचा तो मुलगा हे अवघड काम बिनबोभाट करीत आहे. तो आमच्या नववीच्या वर्गात आहे; त्याला या लेखात आपला उल्लेख आलेला आवडणार नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या दूर जातील. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, जाण्यापूर्वी हातात पक्के कसब घ्या, कारण परमुलखात तेच तुमचे कूळ आणि तेच तुमचे गोत्र. दलालाच्या गोड बोलण्यावर घर गहाण टाकू नका; नियम मूळ सरकारी कागदावर स्वतः वाचा, न समजल्यास जाणत्याला विचारा. आणि जेथे जाल तेथे केवळ तीन वर्षे मोजीत बसू नका. भांडाऱ्याचे भुयार आखणाऱ्याने दिवस मोजून काम केले असते, तर चार शतकांनी त्या कुंड्यांतून डोकावणाऱ्याला खाली पाणी दिसले नसते.

जे येथेच राहतील त्यांचे काम याहून लहान नाही. कसबी माणसाला जेथे मान नाही ते गाव हळूहळू ओस पडते. आपल्या गल्लीतील विणकर, वीजतंत्री, दाई, गवंडी यांच्या विद्येला आपण विद्या म्हणतो का, याचा प्रत्येकाने विचार करावा. आणि पुढील जून महिन्यात तुमच्या वर्गात एखादा नवा मुलगा येईल. त्याचे वडील बदलीवर आले असतील किंवा केळीच्या बागांत कामाला आले असतील. त्याचे उच्चार तुम्हाला विचित्र वाटतील, त्याच्या डब्यातील भाजी ओळखू येणार नाही. पहिल्याच दिवशी त्याला आपल्या बाकावर जागा द्या आणि त्याचे नाव नीट उच्चारावयास शिका. या नगराने सहाशे वर्षे जे केले, ते पुढे चालविण्याची तेवढीच एक साधी रीत आम्हाला ठाऊक आहे.